स्मिथ प्राध्यापकपद (हार्वर्ड)

अमेरिकेतील हार्वर्ड येथे फ्रेंच व स्पॅनिश भाषांसाठी स्थापन झालेले अध्यासन. बॉस्टनचे व्यापारी अबिएल स्मिथ यांनी मृत्यूपूर्वी (१८१५) ठेवलेल्या २०,००० डॉलरांच्या देणगीतून ते उभे राहिले. त्या काळी कॉलेजात मान होता तो ग्रीक-लॅटिनला.

पहिले प्राध्यापक जॉर्ज टिकनर १८१९ मध्ये रुजू झाले. तत्पूर्वी त्यांना जर्मन शिकायची होती, तेव्हा शब्दकोश थेट शेजारच्या न्यू हॅम्पशर राज्यातून मागवावा लागला. पुढे ते जर्मनीत ग्यॉटिंगेनला शिकले. हार्वर्डला त्यांनी साहित्यावरची व्याख्याने स्वतःकडे ठेवली. रोजचे व्याकरण-वाचन त्या त्या भाषेतच वाढलेल्या शिक्षकांकडे असे: जर्मन चार्ल्स फोलन यांच्याकडे, इटालियन पिएत्रो बाकी यांच्याकडे. जर्मनच्या वर्गाला वाचनपुस्तकच नव्हते, म्हणून फोलन यांनी ते स्वतः तयार केले (१८२६).

टिकनर यांची खरी कामगिरी वर्गरचनेतली. सगळी तुकडी एकाच पाठावर चालली की हुशार मुलगा खोळंबतो आणि कच्चा मागेच राहतो. त्यांनी मुलांची विभागणी तयारीनुसार केली. प्रगती दिसली की वरच्या गटात बढती. हार्वर्डच्या १८२५ च्या सुधारणांत ही पद्धत सर्वच विभागांसाठी सुचवली गेली होती, पण टिकली ती आधुनिक भाषांच्या विभागातच.

टिकनर १८३५ मध्ये पायउतार झाले. त्यांच्या जागी कवी हेन्री वॉड्सवर्थ लाँगफेलो यांची निवड झाली. बोडन कॉलेजात ते १८२९ पासून वर्षाला ८०० डॉलर आणि ग्रंथपालपदाचे आणखी १०० डॉलर घेत शिकवत होते. तिथली पाठ्यपुस्तकेही त्यांनीच तयार केली होती. हार्वर्डने १,५०० डॉलर देऊ केले, मात्र जर्मन पक्की करण्यासाठी आधी स्वखर्चाने युरोपात वर्षभर राहावे, असेही सुचवले. त्याच प्रवासात रॉटरडॅमला त्यांच्या पत्नीचे निधन झाले.

१८३६ च्या अखेरीस ते रुजू झाले. व्याख्यानांबरोबर चार शिक्षकांवर देखरेखही त्यांच्याकडे होती, आणि ती फार वेळखाऊ ठरली: फ्रेंचच्या शिक्षकाची जागा रिकामी झाली की प्राथमिक वर्गही त्यांच्याच गळ्यात पडत. १८५४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. इटालियन कवी दान्ते ते वर्गात वर्षानुवर्षे शिकवत होते, पण दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ या महाकाव्याचा त्यांनी केलेला संपूर्ण अनुवाद १८६७ मध्ये आला. टिकनर यांचाही स्पॅनिश साहित्याचा इतिहास पद सोडल्यावर १४ वर्षांनी, १८४९ मध्ये निघाला होता.

त्यानंतर नेमले गेलेले जेम्स रसेल लोवेल हेही वर्ग घेण्याआधी जर्मनसाठी ड्रेस्डेनला जाऊन राहिले.