जँगो

जँगो : पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेले मुक्तस्रोत वेब फ्रेमवर्क (संकेतस्थळे उभारण्याचा तयार सांगाडा). नाव गिटारवादक जँगो राइनहार्ट यांच्यावरून घेतलेले. इंग्रजी लेखनातील आरंभीचा ‘डी’ अनुच्चारित. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वृत्तपत्रात एड्रियन होलोवाटी व सायमन विलिसन यांनी २००३ च्या सुमारास त्याची घडण सुरू केली. बीएसडी या मोकळ्या वापराची मुभा देणाऱ्या परवान्याखाली ते जुलै २००५ मध्ये खुले झाले. जन्मसाल २००३ की २००५, हा घोळ यातूनच आला आहे. १.० आवृत्ती सप्टेंबर २००८ मधील.

जँगो एमव्हीसी (मॉडेल–व्ह्यू–कंट्रोलर; माहिती, तिचे दर्शन आणि वापरकर्त्याच्या क्रियांची हाताळणी वेगळी ठेवणारी मांडणी) परंपरेतील मानावे का, याबद्दल एकमत नाही. ही परंपरा ट्रिग्वे रीन्सकाउग यांच्या झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रातील १९७९ च्या टिपणांपर्यंत मागे जाते. मे महिन्याच्या टिपणात थिंग, मॉडेल, व्ह्यू, एडिटर अशी चौकडी आहे. ओळखीचे त्रिकूट डिसेंबरच्या टिपणात दिसते. ते घडले मात्र स्मॉलटॉक या प्रोग्रॅमिंग भाषेच्या पडद्यासाठी. तेथे मॉडेल बदलले की व्ह्यूला वर्दी जाई आणि माऊस-कळफलकाकडे कंट्रोलर पाही. वेबवर मात्र विनंती आली, उत्तर गेले, की संबंध संपला; म्हणून ते त्रिकूट तेथे जसेच्या तसे लागू पडत नाही. जँगोच्या कर्त्यांच्या मते कोणती माहिती दाखवायची हे व्ह्यू ठरवतो, ती कशी दिसेल हे टेम्प्लेट (पानाचा साचा). कंट्रोलर म्हणजे खुद्द फ्रेमवर्क. म्हणून ते एमटीव्ही (मॉडेल–टेम्प्लेट–व्ह्यू) ही संज्ञा सुचवतात, आणि तीच अधिक सयुक्तिक वाटते.

जँगोतील सुट्या घटकाला ‘ॲप’ म्हणतात (मोबाइलमधले ते वेगळे). ते पायथनचे पॅकेज असून सेटिंग्जमधील यादीत नोंदवले की प्रकल्पात सामील होते. मात्र हे सुटेपण डेटाबेसपाशी कितपत टिकते ते पाहावे. ‘ग्रंथालय’ ॲपमधील ‘पुस्तक’ मॉडेलच्या तक्त्याचे नाव आपसूक ‘ग्रंथालय_पुस्तक’ असे जोडनाव होते, त्यामुळे पुढे ॲपचे नाव बदलणे जिकिरीचे. एकाच लेबलची (प्रकल्पातील ओळखनावाची) दोन ॲप्स नोंदवली तर प्रकल्प सुरूच होत नाही. फॉरेन की (एका तक्त्यातून दुसऱ्याकडे जाणारा दुवा) एका ॲपमधून दुसऱ्यात गेली की त्यांची मायग्रेशन्सही (डेटाबेसच्या रचनेतील बदलांच्या नोंदी) एकमेकांत गुंततात. मायग्रेशनची सोय गाभ्यात १.७ पासून (२०१४) आली; त्याआधी ‘साउथ’ हे स्वतंत्र पॅकेज वापरत. स्वतःचे युजर मॉडेल (वापरकर्त्यांच्या खात्यांची रचना) १.५ पासून (२०१३) शक्य झाले, पण ते पहिल्या मायग्रेशनपूर्वीच ठरवावे. दीर्घ पाठबळाच्या आवृत्त्यांना साधारण तीन वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात, ५.२ (एप्रिल २०२५) ही त्यांपैकी एक.