'माका' कुणाची? विद्यापीठीय खेळांच्या शताब्दी वर्षाची पार्श्वभूमी

१७ जानेवारी २०२५ ला राष्ट्रपती भवनात खेलरत्न आणि अर्जुन पुरस्कार दिले गेले. त्याच समारंभात मौलाना अबुल कलाम आझाद ट्रॉफी, म्हणजे जिमखान्यांच्या भाषेत 'माका', पहिल्यांदाच एका खासगी विद्यापीठाकडे गेली. दुसरा क्रमांकही खासगी विद्यापीठाचाच. वीसपेक्षा जास्त वेळा ही ट्रॉफी जिंकलेलं अमृतसरचं सरकारी विद्यापीठ तिसऱ्या जागी आलं. बातम्यांत 'खासगीची सरशी' एवढंच आलं. पुरस्काराच्या निकषातलं एक वाक्य त्याच खेपेला बदललं होतं, त्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

२०२३ पर्यंत सरकारी पत्रकात असायचं: आंतरविद्यापीठ स्पर्धांमध्ये एकूण कामगिरी सर्वोत्तम असलेलं विद्यापीठ. २०२४ च्या पुरस्कारांच्या वेळी त्या जागी आलं: खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेत एकूण कामगिरी सर्वोत्तम असलेलं विद्यापीठ. ज्या शिखर संघटनेच्या, म्हणजे भारतीय विद्यापीठ संघाच्या (एआययू), स्पर्धांवर ही ट्रॉफी १९५६-५७ पासून ठरत आली, तिच्या शताब्दीचं वर्ष हे असं सुरू झालं.

शंभर वर्षं म्हणताना एक खुलासा करायला हवा. ही संघटना खेळांसाठी जन्मलेली नाही. १९२४ साली सिमल्याला कुलगुरूंची परिषद भरली, तिथे कल्पना निघाली आणि १९२५ मध्ये मुंबईत आंतरविद्यापीठ मंडळ स्थापन झालं. कारण साधं होतं: एका विद्यापीठाची पदवी दुसऱ्याने मानायची की नाही, हे कुणीतरी ठरवायला हवं होतं. काही काळ ब्रह्मदेश आणि सिलोनही त्यात होते. सध्याचं नाव १९७३ चं. आजही बहुतेक पालकांना ही संघटना माहीत असते ती परदेशी पदवीच्या सममूल्यता प्रमाणपत्रामुळे. खेळ हा तिच्या अनेक विभागांतला एक. तिच्या मालकीचं मैदान नाही, तिच्याकडे पगारी खेळाडू नाहीत. वर्षाचं कॅलेंडर काढायचं, यजमान विद्यापीठ शोधायचं, नियमावली पाठवायची, निरीक्षक नेमायचा. बाकी सगळं यजमानाच्या खांद्यावर.

खेळ तिच्याकडे आले तेही क्रिकेटच्या मागून. मुंबईच्या एका पारशी गृहस्थांनी मुलाच्या नावाने दिलेल्या रोहिंटन बारिया करंडकाची स्पर्धा १९३५-३६ ला सुरू झाली, ती क्रिकेट मंडळाच्या देखरेखीखाली. १९४०-४१ पासून ती आंतरविद्यापीठ क्रीडा मंडळाकडे, म्हणजे याच संघटनेकडे, आली. त्यानंतरचा इतिहास मुंबईकरांना पाठ आहे. या विद्यापीठीय क्रिकेटमध्ये मुंबईच्या एका डावखुऱ्याने (अजित वाडेकर) ३२४ धावांचा विक्रम केला होता. १९७० मध्ये मुंबईच्याच दुसऱ्या विद्यार्थ्याने (सुनील गावसकर) ३२७ करून तो मोडला आणि काही महिन्यांत ज्याचा विक्रम मोडला त्याच्याच कप्तानपदाखाली तो वेस्ट इंडीजला गेला. त्या दौऱ्यावर ६४२ धावा काढणारा मडगावचा फलंदाजही (दिलीप सरदेसाई) याच करंडकातून वर आलेला. म्हणून माकाची पहिली विजेती मुंबई, यात नवल वाटायचं कारण नाही. पुढे ट्रॉफी उत्तरेकडे गेली आणि बहुतेक काळ तिकडेच राहिली. पंजाबातल्या विद्यापीठांनी वसतिगृह, खुराक आणि प्रशिक्षक यांची घडी बसवली. आपल्याकडे जिमखाना फी वसूल होत राहिली.

आता त्या बदललेल्या वाक्याकडे येऊ. दोन्ही निकषांत फरक किती, हे आकड्यांनीच कळतं.

जुन्या पद्धतीत वर्षभराचा हिशेब होता. महाविद्यालयीन स्पर्धा, मग विद्यापीठाचा संघ, मग झोन (महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेश मिळून आपला पश्चिम विभाग), आणि झोनमधले पहिले चार संघ 'ऑल इंडिया'ला. "झोनल खेळलास की ऑल इंडिया?" हा प्रश्न कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर ऐकू येतो आणि उत्तराप्रमाणे समोरच्याची नजर बदलते. यात डझनावारी खेळ येतात: क्रिकेट, खो-खो, मल्लखांब, सगळे. कुठे जानेवारीत क्रॉसकंट्री, कुठे नोव्हेंबरात बुद्धिबळ. गुण जमत जातात.

खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा म्हणजे दहा-बारा दिवसांचा मेळा. पहिली भुवनेश्वरला, फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये, १७ खेळांची. त्या यादीत क्रिकेट नव्हतं आणि खो-खोही नव्हता. बंगळूरच्या दुसऱ्या पर्वात मल्लखांब आणि योगासनं आली, तरी क्रिकेट आजतागायत बाहेर आहे. नोव्हेंबर-डिसेंबर २०२५ ला राजस्थानात जयपूर, अजमेर, उदयपूर, जोधपूर, बिकानेर, कोटा आणि भरतपूर अशा सात शहरांत झालेल्या पाचव्या पर्वात खो-खो होता, पण प्रदर्शनीय. म्हणजे खेळायचं, पदकतक्त्यात मोजायचं नाही. ज्या खेळामुळे आंतरविद्यापीठ स्पर्धा नावारूपाला आल्या त्याचं माकाच्या हिशेबात मूल्य शून्य, आणि ज्या खेळाचे नियम पुण्याच्या जिमखान्यात लिहिले गेले त्याचंही शून्य.

दुसरा मुद्दा पदकतक्त्याचा. कबड्डीत बारा जणांचा संघ आठवडाभर घाम गाळतो आणि तक्त्यात एक सुवर्ण चढतं. जलतरणात तसं नाही. बंगळूरला २०२२ मध्ये विजेत्या विद्यापीठाची २० सुवर्णपदकं होती; त्याच विद्यापीठाचा एक पोहणारा एकटाच ७ सुवर्णांसह घरी गेला. पोराचं कौतुक आहेच. पण एका विद्यार्थ्याच्या प्रवेशअर्जावर विद्यापीठाचा 'सर्वोत्तम' दर्जा किती झुकू शकतो, तेही यात दिसतं. खासगी विद्यापीठांना हे गणित लवकर उमगलं. फी माफ, राहणं-खाणं मोफत, हजेरीची कटकट नाही. चांगला खेळाडू का जाणार नाही? मी त्याच्या जागी असतो तर गेलो असतो.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात खटकतो. पुरस्कार दरवर्षीचा, स्पर्धा मात्र दरवर्षीची नाही. दुसरं पर्व २०२१ चं, ते महासाथीमुळे एप्रिल-मे २०२२ ला बंगळूरला झालं. '२०२२'चं पर्व मे-जून २०२३ मध्ये उत्तर प्रदेशात. '२०२३'चं फेब्रुवारी २०२४ मध्ये ईशान्य भारतात. त्यानंतर थेट नोव्हेंबर २०२५. मधल्या एकवीस महिन्यांत ही स्पर्धा झालीच नाही, आंतरविद्यापीठ स्पर्धा मात्र नेहमीच्या कॅलेंडरप्रमाणे होत राहिल्या. त्या काळात पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मुलांचा घाम कुठल्या माकात धरायचा?

नव्या निकषाच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. जुन्या पद्धतीत प्रमाणपत्रांच्या फायली लागायच्या. कुठला खेळाडू कुठल्या तारखेला कुणाच्या पटावर होता यावरून वाद व्हायचे. मेळ्यात जे आहे ते मैदानावर, सगळ्यांसमोर. शिवाय सांघिक खेळांत या मेळ्याला प्रवेश मिळतो तो अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेतल्या पहिल्या आठ संघांना. म्हणजे जुनी शिडी काढून टाकलेली नाही, तिची शेवटची पायरी दुसऱ्याच्या अंगणात नेली एवढंच. एवढंच म्हटलं खरं, पण शिखर संघटनेसाठी ते छोटं नाही. वर्षभर राबायचं तिने आणि कळस दुसऱ्याच्या मांडवात चढायचा.

पुणेकरांना यातली एक जुनी सल आठवेल. भुवनेश्वरच्या पहिल्या पर्वात पुण्याच्या विद्यापीठाची आणि चंदीगडच्या सरकारी विद्यापीठाची सुवर्णपदकं बरोबरीत होती, १७-१७. विजेतेपद रौप्यपदकांवर ठरलं: त्यांची १९, पुण्याची ११. माकाचा आजचा निकष तेव्हा नव्हता, त्यामुळे ते दुःख एका चषकापुरतंच राहिलं.

आंतरराष्ट्रीय आघाडीवर हीच संघटना देशाच्या वतीने जागतिक विद्यापीठ क्रीडा महासंघाची सदस्य आहे. तिथली मुख्य स्पर्धा १९५९ ला तुरिनपासून सुरू झाली. जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'युनिव्हर्सियाड' हेच नाव. २०१९ पर्यंतच्या सगळ्या स्पर्धा मिळून भारताची पदकं १८. आणि एकट्या चेंगडूत, २०२३ मध्ये, २६. त्यांतली ११ सुवर्ण. त्याच चेंगडूसाठी अरुणाचल प्रदेशातल्या तीन वुशू खेळाडूंना चीनने पासपोर्टवर छापील शिक्का न देता स्टेपल केलेला व्हिसा दिला आणि सरकारने वुशूचा संघच पाठवला नाही. पदकांच्या बातमीत ती ओळ हरवली.

त्यामुळे जुलै २०२५ मध्ये जर्मनीच्या र्‍हाइन-रुहर भागात संघ गेला तो चेंगडूचं ओझं डोक्यावर घेऊनच. पदकं आली १२: दोन सुवर्ण, पाच रौप्य, पाच कांस्य. दोन्ही सुवर्ण कंपाउंड तिरंदाजीत. त्यातलं पुरुषांचं वैयक्तिक सुवर्ण महाराष्ट्राच्या मुलाचं, अंतिम लढत १४९-१४८. पुण्याच्या टेनिसपटू मुलीने एकेरीत कांस्य मिळवलं. त्याआधीचं भारताचं टेनिस पदक १९७९ चं होतं, मेक्सिको सिटीतलं रौप्य, आणि तेही पुणेकराचंच. शेहेचाळीस वर्षांचं हे अंतर बातम्यांत दोन दिवस टिकलं, कारण तोवर बॅडमिंटन गाजायला लागलं होतं.

बॅडमिंटनचा मिश्र संघ बारा जणांचा गेला होता. स्पर्धेआधीच्या व्यवस्थापकांच्या बैठकीत नावं द्यायची असतात. दिली गेली सहाच. उरलेले सहा जण निवड चाचणीतून आले होते, गणवेश घालून जर्मनीत पोचले होते, आणि सांघिक सामने त्यांनी प्रेक्षक म्हणून पाहिले. सहा जणांच्या संघाने कांस्य आणलं, हे श्रेय त्या खेळलेल्या सहा जणांचं. वंचित खेळाडूंनी समाजमाध्यमांवर गाऱ्हाणं मांडल्यावर चौकशी समिती आली, एक अधिकारी निलंबित झाला.

मॅनेजर म्हणून दोन-तीनदा झोनलला गेलेल्या माणसाला ती बैठक डोळ्यांसमोर उभी राहते. आदल्या संध्याकाळी एका वर्गात बाकांवर वीस-पंचवीस मॅनेजर बसलेले. प्रत्येकाच्या मांडीवर पात्रतेच्या अर्जांचं पुडकं: फोटो, प्राचार्यांचा शिक्का, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका. कुणी रेल्वेतून थेट बॅगेसकट आलेला, कुणाला चहा मिळालेला नाही. समोर यादी फिरते आणि लिहिलं ते लिहिलं. एकदा आमच्या संघातल्या एका मुलाचं नाव मी राखीवमध्ये लिहायचं विसरलो होतो. बैठक उठायच्या आत शेजारच्या विद्यापीठाच्या सरांनी कोपर मारून आठवण दिली म्हणून निभावलं. जर्मनीत कोपर मारणारं कुणी नव्हतं, असं म्हणून सोडून देणं मात्र बरोबर नाही. देशातल्या झोनलला प्राध्यापक मंडळी हौसेने, रजा टाकून हे काम करतात आणि चुका पोटात घातल्या जातात. तीच हौशी चौकट जागतिक स्पर्धेला जशीच्या तशी नेली गेली, दुखणं तिथे आहे. एक अधिकारी बाजूला केल्याने चौकट बदलत नाही.

राज्यापुरतं सांगायचं तर आपल्याकडे 'अश्वमेध' आहे, कुलपती कार्यालयाच्या पुढाकाराने चालणारा आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सव. त्यात कबड्डीला आणि खो-खोला गर्दी असते. माकाच्या हिशेबात त्याला स्थान आधीही नव्हतं, आता तर प्रश्नच नाही.

राहता राहिली नोकरी, कारण बहुतेक मुलांना माकाशी देणंघेणं नसतं, प्रमाणपत्राशी असतं. केंद्र सरकारच्या खेळाडू भरतीचे १९८० चे नियम अजून आधार धरले जातात. त्यात प्रमाणपत्राचे नमुने ठरलेले आहेत: राष्ट्रीय महासंघासाठी नमुना १, राज्य संघटनेसाठी २, शालेय खेळांसाठी ४. मधला ३ हा विद्यापीठाच्या क्रीडा विभागप्रमुखाने सही करून द्यायचा. त्या नियमांत स्पर्धेचं वर्णन आहे: आंतरविद्यापीठ क्रीडा मंडळाने भरवलेली आंतरविद्यापीठ स्पर्धा. मंडळाचं नाव बदलून पन्नास वर्षं झाली, ट्रॉफीचा निकष बदलून एक. नमुना ३ चे शब्द तेच आहेत. दरवर्षी मे-जूनमध्ये विद्यापीठाच्या क्रीडा विभागाबाहेर तो कागद हातात घेतलेली, सरांची सही मिळेपर्यंत जिन्यावर बसलेली पोरं दिसतात.