२५२० ही एकमेव संख्या नाही

जळगाव-धुळ्याकडच्या शाळांच्या आणि भाऊबंदांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं एक मेसेज फिरतो: १ ते १० या सगळ्यांनी निःशेष भाग जाणारी २५२० ही जगातली एकमेव संख्या.

भाग जातो, हे खरं आहे. ‘एकमेव’ मात्र चूक. २५२० ची दुप्पट घ्या, ५०४०. रावेरच्या मळ्यात केळीची ५०४० रोपं असली तर ७-७ च्या ७२० ओळी होतात, ८-८ च्या ६३०, ९-९ च्या ५६०. एकही रोप उरत नाही. बाकीचे भाग मोबाइलवर करून बघा. ७५६० चंही तेच. २५२० च्या पाढ्यातली प्रत्येक संख्या अशीच, आणि तो पाढा संपत नाही.

खरं वैशिष्ट्य वेगळं आहे: अशा संख्यांत २५२० सर्वांत लहान, म्हणजे १ ते १० चा लसावि. ८ × ९ × ५ × ७ करा. ८ मध्ये २ आणि ४ आले, ९ मध्ये ३. ६ आणि १० चे अवयवही आधीच हजर. मला हे कारण मेसेजपेक्षा कितीतरी सुंदर वाटतं.

शेवटी ७ वार × ३० दिवस × १२ महिने = २५२० असंही लिहिलेलं असतं. गुणाकार बरोबर आहे, पण त्यात गूढ काही नाही: ३० × १२ म्हणजे ३६०, आणि ८ × ९ × ५ सुद्धा ३६०च.