भिंतीमागे गेल्यावर लागलेली गोळी

घरात बीजीएमआय नाहीतर फ्री फायर असले मोबाइलवरचे बंदुकीचे ऑनलाइन गेम खेळणारं कोणी असेल तर हे वाक्य तुम्ही ऐकलंच असणार, "अरे मी भिंतीमागे होतो ना! तरी कसा मेलो?" त्यावर घरच्यांचं उत्तर ठरलेलं, नाचता येईना अंगण वाकडं. मग पोरगं हट्ट करून १०० एमबीपीएसचा इंटरनेट प्लॅन घ्यायला लावतं आणि पुढच्याच आठवड्यात परत भिंतीमागे मरतं. गंमत अशी की पोरगं खोटं बोलत नसतं, त्याला मारणारा बहुतेक वेळा चीटिंग करत नसतो, आणि एमबीपीएस वाढवून हे सुटणारही नसतं.

गेम आवडतो का डोक्यात जातो याची कारणं शंभर असतील, स्टोरी, ग्राफिक्स, बरोबर खेळणारी टीम, मध्येच येणाऱ्या जाहिराती वगैरे, पण माझ्या मते सगळ्यात कमी बोललं जाणारं आणि सगळ्यात भारी कारण म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. बोट बटणावर पडलं आणि स्क्रीनवर काहीतरी झालं, या दोन्हीच्या मधली जी फट असते ना, त्या फटीत गेम कोणाची घड्याळं खरी मानतो, यावर मजा का चिडचिड ते ठरतं.

(हो, डोपामिन, मेंदूतलं ते रसायन, राहिलं. १९९८ साली नेचर या विज्ञानपत्रिकेत आलेल्या एका प्रयोगात टँक चालवायचा गेम खेळताना आठ माणसांच्या मेंदूत डोपामिन वाढलेलं दिसलं, तेव्हापासून "गेम म्हणजे ड्रग" असले फॉरवर्ड फिरतायत. अहो, डोपामिन म्हणजे मेंदूतलं आनंदाचं सिरप नाही. वोल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञाने माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की डोपामिनच्या पेशी बक्षीस मिळाल्यापेक्षा अपेक्षेहून जास्त मिळालं का कमी, या फरकावर जास्त उसळतात. गेमचं व्यसन हा वेगळा आणि खरा विषय आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत तो आहे. पण तेच शत्रू, तेच बक्षीस असलेले दोन गेम घ्या, एक लोण्यासारखा वाटतो आणि दुसरा खेळताना फोन आपटावासा वाटतो, हे डोपामिन डोपामिन करून समजत नाही.)

आधी एकट्याने खेळायचे गेम घेऊ, तिथे हिशोब सोपा आहे.

१९८५ चा सुपर मारिओ. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला लावायचे ते पिवळ्या कॅसेटवाले, ९९९९९९९ इन वन लिहिलेले आणि आत जेमतेम पाच-सहाच गेम असलेले डबे आठवत असतील त्यांना मारिओची उडी बोटात आठवत असेल. बटण दाबून धरलं तर उंच, पटकन सोडलं तर बुटकी. खऱ्या जगात हवेत गेल्यावर उडीची उंची बदलता येत नाही, मारिओला येते. शिवाय बटण धरून वर जाताना त्याला गुरुत्वाकर्षण कमी लागतं आणि खाली येताना जास्त. न्यूटन बघत बसला असता. पण खेळणाऱ्याला ती उडी "बरोबर" वाटते. आणि तेव्हाचा जाडजूड पिक्चर ट्यूबवाला टीव्ही सिग्नल आला की लगेच चित्र काढायचा. आताचा एलसीडी टीव्ही चित्र सुंदर करण्यात वेळ घालवतो, म्हणून तोच मारिओ नव्या टीव्हीवर हुकल्यासारखा वाटतो, टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड असतो तो यासाठीच.

आता २०१८ चा सेलेस्ट. मॅडलिन नावाची मुलगी डोंगर चढते, काटे, दऱ्या, आणि खेळणारा अक्षरशः शेकड्याने मरतो. एवढं मरून लोकं चिडायला पाहिजेत, पण चिडतात कमी आणि प्रेमात पडतात जास्त. का, ते त्याच्या कोडमध्ये दिसतं, कारण बनवणाऱ्यांनी मॅडलिनचं कोड सगळ्यांना बघायला खुलं करून ठेवलंय. मॅडलिन कड्यावरून पुढे गेली, पायाखाली काही नाही, तरी पुढचा ०.१ सेकंद तुम्ही उडीचं बटण दाबलं तर गेम उडी मान्य करतो. कार्टूनमधला तो कोल्ह्यासारखा कायोटी दरीवर हवेत चालत राहतो आणि खाली बघितल्यावरच पडतो ना, त्याच्यावरून याला कायोटी टाइम म्हणतात. उडी मारताना डोकं वरच्या दगडाच्या कोपऱ्याला ४ पिक्सेलपर्यंत घासलं तर गेम तिला गुपचूप बाजूला सरकवतो. जमिनीला टेकायच्या जरा आधीच बटण दाबलं गेलं तर ते लक्षात ठेवून टेकल्या टेकल्या उडी देतो.

ही लहान मुलांना द्यायची सूट वाटते ना? तसं नाहीये. गेम सेकंदाला ६० चित्रं काढत असेल तर एक चित्र १६.७ मिलिसेकंदाचं. बोट लागलं, फोनने ओळखलं, गेमने हिशोब केला, चित्र तयार झालं, स्क्रीनवर उमटलं, यात ५० ते १०० मिलिसेकंद सहज जातात. त्यात डोळ्याने बघून बोट हलवायला माणसाला २०० ते २५० लागतात, म्हणून आपण कडा यायच्या आधीच अंदाजाने दाबत असतो. म्हणजे तुमच्या डोक्यात "मी बरोब्बर कड्यावर दाबलं" हे शंभर टक्के खरं असताना गेमच्या घड्याळात मॅडलिन कधीच पुढे गेलेली असते. गेम तेव्हा स्वतःचं घड्याळ बाजूला ठेवून तुमचं खरं धरतो. म्हणून मेल्यावर आपण म्हणतो "माझी चूक", आणि परत खेळतो.

मेंदू या बाबतीत फार चिकित्सक असतो. स्वतःला गुदगुल्या का होत नाहीत माहितीये? कारण आपला हात हलणार हे मेंदूला आधीच कळलेलं असतं, तो होणाऱ्या स्पर्शाचा अंदाज बांधतो आणि स्पर्श अंदाजाबरहुकूम आला की त्याचा आवाज कमी करतो. सारा-जेन ब्लेकमोर ही मेंदूशास्त्रज्ञ आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली मध्ये रोबोट घातला, माणूस एका हाताने दांडा हलवणार आणि रोबोट तीच हालचाल दुसऱ्या तळहातावर स्पंजने करणार. उशीर शून्य, तर गुदगुल्या कमी. उशीर १००, २०० मिलिसेकंद करत नेला तशा गुदगुल्या वाढत गेल्या, म्हणजे हालचाल माझीच, पण उशिरा आल्यामुळे मेंदूला ती परक्याची वाटायला लागली. गेममध्ये हेच होतं. उशीर वाढला की पडद्यावरचा माणूस "मी" राहत नाही, मी त्याला रिमोटने ढकलतोय असं वाटतं.

पण मेंदू जुळवूनही घेतो. २००६ च्या एका प्रयोगात बटण दाबल्यावर दिवा लागायला मुद्दाम सुमारे शंभर मिलिसेकंद उशीर लावला, लोकांना त्याची सवय झाली, मग अचानक उशीर काढून टाकला तर लोकांना वाटायला लागलं की आपण दाबायच्या आधीच दिवा लागला! मेंदूने घड्याळच सरकवून घेतलं होतं. म्हणून कायम ६० मिलिसेकंद असणारा पिंग (ऑनलाइन गेममध्ये निरोप जाऊन यायला लागणारा वेळ, पुढे सांगतोच) चालतो, पण घडीत ३० घडीत १२० असा नाचणारा पिंग वेड लावतो, कारण घड्याळ सरकवायचं तरी किती आणि कुठे.

आता ऑनलाइन. इथे खरी पंचाईत, कारण एकाच्या घड्याळावर विश्वास ठेवला की दुसऱ्याचं खोटं पडतं.

पिंग म्हणजे तुमच्या फोनवरून निरोप सर्व्हरला, म्हणजे सगळ्यांचा गेम चालवणाऱ्या लांबच्या कॉम्प्युटरला, जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत ३९०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जायला २० आणि यायला २० मिलिसेकंद, केबल वळणं घेत जाते म्हणून प्रत्यक्षात जास्त. तुम्ही १ जीबीपीएस घ्या नाहीतर १०, प्रकाश काय पळणार नाही. एमबीपीएस म्हणजे एका वेळी किती माल जातो, किती लवकर पोचतो ते नाही.

म्हणजे सर्व्हर हा असा अंपायर आहे जो मैदानावर नाहीच, त्याला दोन्ही टीमची पत्रं पोस्टाने येतात, "मी १० वाजता क्रीजमध्ये पोचलो", "मी १० वाजता बेल्स उडवल्या", आणि प्रत्येकाचं पोस्ट वेगवेगळं हळू. निकाल कसा द्यायचा?

सगळ्यात सोपं म्हणजे पत्र आलं त्या क्षणाचं जग खरं मानायचं. सुरुवातीला असंच होतं आणि मग दुसऱ्यावर गोळी झाडताना तो जिथे दिसतोय त्याच्या पुढे मारावी लागायची, किती पुढे ते तुमच्या पिंगवर, म्हणजे नेमबाजी कमी आणि ज्योतिष जास्त. १९९६ मध्ये क्वेकवर्ल्ड या बंदुकीच्या गेममध्ये तो बनवणाऱ्या जॉन कारमॅकने स्वतःच्या हालचालीपुरता उपाय केला, सर्व्हरच्या परवानगीची वाट न बघता तुमचा माणूस तुमच्या स्क्रीनवर लगेच हलवायचा, नंतर सर्व्हर वेगळं म्हणाला तर दुरुस्त करायचं. अधूनमधून आपण रबर ताणल्यासारखे मागे ओढले जातो ना, ती ही दुरुस्ती.

दुसऱ्यांचं काय? काउंटर-स्ट्राइक या कॉम्प्युटरवरच्या बंदुकीच्या गेमचं उदाहरण घेतो, कारण त्याचा हिशोब बनवणाऱ्या वाल्व्ह कंपनीच्या यान बर्नियरने २००१ मध्ये लेख लिहून मांडून ठेवलाय. त्यांच्या इंजिनमध्ये, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, इतर खेळाडूंच्या बातम्या सेकंदाला २० वेळा यायच्या. तेवढ्यावर चित्र काढलं तर माणसं बेडकासारखी उड्या मारताना दिसतील, म्हणून गेम मुद्दाम त्यांना १०० मिलिसेकंद भूतकाळात दाखवतो, म्हणजे आधीची आणि नंतरची जागा दोन्ही हातात असतात आणि मधली चाल गुळगुळीत काढता येते. तुम्ही ऑनलाइन जे शत्रू बघता ते सगळे भूतकाळातले असतात, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन दिवस भेटेल त्याला सांगत होतो.

मग गोळीचा निकाल. सर्व्हर जवळपास एका सेकंदाचा इतिहास साठवतो. गोळीचं पत्र आलं की तो जग मागे नेतो, गोळी मारणाऱ्याला त्या क्षणी जे दिसत होतं तिथपर्यंत, आणि तिथे बघतो लागली का.

आता जरा आकडेमोड. समजा तुम्हाला मारणारा अज्या, त्याचा पिंग १००, म्हणजे एका बाजूचे ५०. त्याच्या स्क्रीनवरचं जग ५० अधिक १०० असं १५० मिलिसेकंद जुनं. तो ट्रिगर दाबतो, निरोप जायला अजून ५०. म्हणजे सर्व्हर जग २०० मागे नेणार. तुमचा पिंग ६०, एका बाजूचे ३०. सर्व्हरला माहीत असलेली तुमची जागा तुमच्या स्क्रीनपेक्षा ३० जुनी असते, आणि मेल्याची बातमी तुमच्यापर्यंत यायला अजून ३०. बेरीज २६०. धावणारा माणूस सेकंदाला ५ मीटर पळतो असं धरलं तर तेवढ्यात तुम्ही १.३ मीटर पुढे गेलेले असता. १.३ मीटर म्हणजे भिंतीच्या आत आरामात. अज्याच्या स्क्रीनवर तुम्ही उघड्यावर होतात, तुमच्या स्क्रीनवर भिंतीमागे, दोघंही खरं बोलतायत, आणि अंपायरने अज्याच्या बाजूने निकाल दिलाय. (इथे डोकं गरगरलं असेल तर नुसतं १.३ मीटर लक्षात ठेवा.)

अज्याच्या बाजूने का? कारण नीट नेम धरून मारलेली गोळी लागलीच नाही, ही चीड प्रत्येक गोळीला आली असती, आणि भिंतीमागे मरण्याची चीड क्वचित येते. चीड शून्य करता येत नाही, कुणाच्या वाट्याला टाकायची एवढंच ठरवता येतं. काही गेम मेल्यावर मारणाऱ्याच्या नजरेतून रिप्ले दाखवतात तो याच भांडणाचा खुलासा असतो, तुम्ही त्याला कसे उघड्यावर दिसत होतात ते स्वतःच बघा म्हणून.

याच हिशोबातून अजून एक विचित्र गोष्ट निघते. कोपऱ्यावर बंदूक रोखून बसलेल्यापेक्षा कोपऱ्यातून झपकन बाहेर येणाऱ्याचा फायदा होतो. बसलेला जागचा हललाच नाही, त्यामुळे त्याचं जुनं चित्रही बरोबरच असतं, येणाऱ्याला तो लगेच दिसतो. पण येणाऱ्याची हालचाल आधी सर्व्हरला आणि मग बसलेल्याला कळणार, तोपर्यंत शंभरेक मिलिसेकंद सहज गेले. माणसाची प्रतिक्रियाच २०० ते २५० ची, त्यातले शंभर फुकट गेले तर काय राहिलं? व्हॅलोरंट या गेमवाल्यांनी हा फायदा कमी करायला सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा हिशोब करणारे केले आणि खेळाडूंच्या जवळ आणले, मुंबईतही आहेत, तरी तो कमीच झाला, गेला नाही. आणि सायबर कॅफेत तासावर पैसे देऊन काउंटर-स्ट्राइक खेळलेली पिढी म्हणते ना की तेव्हाची मजा वेगळीच होती, ते नुसतं म्हातारपण नाही, सगळे कॉम्प्युटर एकाच खोलीत एकाच वायरला, पिंग जवळजवळ नाहीच.

आता या सगळ्यावर दुकान मांडून बसलेले लोक. पिंग बूस्टर नावाची अ‍ॅप्स बहुतेक करून मागची अ‍ॅप्स बंद करतात आणि रॉकेटचं चित्र दाखवतात. डीएनएस बदला म्हणणारे व्हिडिओ, अरे बाबा डीएनएस फक्त सुरुवातीला सर्व्हरचा पत्ता शोधायला लागतो, मॅच सुरू झाल्यावर त्याचं काम संपलं. टच सॅम्पलिंग (स्क्रीन सेकंदाला किती वेळा बोट तपासते ते) २४० चं ४८० हर्ट्झ म्हणून जो फोन विकतात त्यात वाचतात जास्तीत जास्त दोनेक मिलिसेकंद. याउलट "आईने मायक्रोवेव्ह लावला की लॅग येतो", म्हणजे गेम अडकतो, हे वेडगळ वाटतं पण खरं असू शकतं, कारण मायक्रोवेव्ह आणि जुना वायफाय दोघंही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच वावरतात. तसंच घरातला कोणाचा तरी फोन सगळे फोटो क्लाउडवर चढवत असेल तर राउटरमध्ये रांग लागते आणि तुमची गोळी त्या लग्नाच्या फोटोंच्या मागे उभी राहते. राउटरचा ५ गिगाहर्ट्झवाला वायफाय वापरा, त्याच्या जवळ बसा, कॉम्प्युटर असेल तर सरळ वायर लावा. आणि ब्लूटूथ इयरफोन गेमपुरते काढा, साध्या ब्लूटूथमध्ये आवाज १०० ते २०० मिलिसेकंद उशिरा येतो, म्हणजे शत्रूच्या पावलांचा आवाज येतो तेव्हा पाऊल पडून गेलेलं असतं. ड्रॉवरमध्ये वायरवाला जुना इयरफोन पडला असेल तो शोधा, अर्थात तुमच्या फोनला जॅक ठेवला असेल तर.