काचेच्या खांद्यावरचं कडं

बिअर आंबून झाली, नळीने दुसरीकडे काढून घेतली, की रिकाम्या कारबॉयच्या, म्हणजे आंबवायच्या काचेच्या बुधल्याच्या, खांद्यावर एक कडं उरतं. तपकिरी, बोटभर रुंद, वरच्या कडेला वाळून कुरकुरीत झालेलं. पहिल्या दोन-तीन दिवसांत यीस्टने जो दणकून फेस काढलेला असतो, तो तिथे चढून बसलेला असतो. त्यात यीस्ट असतं, माल्टमधली (मोड आणून वाळवलेल्या धान्यातली) प्रथिनं असतात आणि हॉप्सची, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांची, कडू, चिकट राळ असते. हा बुधला 20-25 लिटरचा. याचं इंग्रजी नाव मूळच्या फारसी 'कराबा'वरून आलंय. तोंड एवढंसं, हात आत जात नाही. कडं समोर दिसतंय आणि बोट पोचत नाही, हे मोठं छळवादी दुखणं आहे.

(मी राहतो त्या अमेरिकेत 1978 मध्ये जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यामुळे घरी स्वतःपुरती बिअर करायला केंद्राची मुभा मिळाली. महाराष्ट्रात हाच उद्योग दारूबंदी कायद्याच्या कचाट्यात सापडतो. तिकडच्या मित्रांनी हे नुसतं रसायनशास्त्र म्हणून वाचावं.)

पहिल्या खेपेला मी केटलीभर उकळतं पाणी ओतलं. फेब्रुवारी महिना, कारबॉय गॅरेजमधून नुकताच आत आणलेला. 'टक्' एवढाच आवाज झाला. मी उचलायला गेलो तर वरचा भाग हातात आला आणि बूड तिथेच राहिलं, सुरीने कापल्यासारखं. साध्या काचेत उष्णता फार सावकाश सरकते. आतली बाजू तापून फुगू बघते, बाहेरची थंडच असते आणि ती ताणली जाते. 80 अंशांच्या फरकाने मीटरभर काच जेमतेम पाऊण मिलिमीटर वाढते, पण तेवढं तिला पुरतं. काच दाब मुकाट सोसते, ताण मात्र सोसत नाही. प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट काच साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून ती वाचते. कारबॉय बहुतेक साध्या काचेचेच असतात. तेव्हा पाणी कोमट घ्यायचं, आणि कारबॉय आधी घरातल्या उबेला येऊ द्यायचा.

दुसऱ्या कारबॉयच्या वेळी आईने फोनवर उपाय सांगितला. "मूठभर वाळू घाल, थोडं पाणी घाल आणि खळखळव. आम्ही रॉकेलच्या बाटल्या अशाच घासायचो." कडं निघालं असतं, यात शंका नाही. पण वाळू म्हणजे क्वार्ट्झ, आणि ते काचेहून कठीण. ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज इंजिनिअरने 1920 च्या सुमारास दाखवून दिलं की काच हिशेबाने असायला हवी त्याच्या कितीतरी पट कमी ताकदीची भरते, ती तिच्या पृष्ठभागावरच्या बारीक चिरांमुळे. ताण सगळा चिरेच्या टोकाशी गोळा होतो आणि तिथून काच उलते. भरलेला कारबॉय 25 किलोंच्या वर जातो, त्यात ओले हात. त्याच्यावर आपणच ओरखडे काढून ठेवायचे, हे काही मला पटलं नाही. वाळूऐवजी तांदूळ चालतील, असं आईचं त्यावर म्हणणं. तांदूळ काचेला धक्का लावत नाहीत, खरं आहे. पण वाळलेल्या राळेलाही फारसा लावत नाहीत.

खरं काम करतो तो सोडा. सोडियम परकार्बोनेट नावाची पांढरी पूड मिळते. कपड्यांचे डाग काढणाऱ्या 'ऑक्सिजनवाल्या' पावडरींत मुख्यतः हीच असते. वास न घातलेली पाहून घ्यावी. पाण्यात पडली की तिचे दोन भाग होतात, धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. हॉप्समधले कडू पदार्थ ही सौम्य आम्लं आहेत. नुसत्या पाण्यात ती विरघळायला नाखूश असतात, पण अल्कलीत त्यांचे क्षार बनतात आणि पाण्यात उतरतात. प्रथिनं फुगून सैल होतात. पेरॉक्साइडमधून सुटणारे ऑक्सिजनचे बुडबुडे त्या सैल झालेल्या पापुद्र्याखाली शिरून त्याला उचलतात. मी कारबॉय कोमट पाण्याने गळ्यापर्यंत भरतो, पूड टाकतो आणि झोपायला जातो. सकाळी कडं काचेवरून सुटून तुकड्या-तुकड्यांनी तरंगत असतं. घासायचं काहीच नाही.

पाणी जड असेल तर मात्र एका रात्रीपलीकडे ठेवू नये. पाण्यातलं कॅल्शियम आणि सोड्यातलं कार्बोनेट मिळून काचेवर पांढरा खडूसारखा थर धरतात. तो व्हिनेगरने जातो. दुसरं एक किटण त्याहून हट्टी, त्याला बिअरस्टोन म्हणतात. ते बरंचसं कॅल्शियम ऑक्झलेट असतं, म्हणजे अळूने घसा खवखवतो तोच क्षार, आणि पुष्कळांच्या मूतखड्यातलाही तोच. सोडा त्याला दाद देत नाही, तिथे फॉस्फोरिक आम्लासारखं काही लागतं.

इथवर काच स्वच्छ झाली, निर्जंतुक नाही. ही दोन कामं वेगळी आहेत आणि त्यांचा क्रम उलटा करून चालत नाही. किटणाच्या पापुद्र्याआड बसलेल्या लॅक्टोबॅसिलसपर्यंत (हा बिअर आंबट करणारा जीवाणू) जंतुनाशक पोचतच नाही. घरगुती बिअरवाले सहसा स्टार सॅन नावाचं जंतुनाशक वापरतात. त्यात फॉस्फोरिक आम्ल आणि एक आम्लधर्मी साबण असतो. 19 लिटर पाण्याला 30 मिलिलिटर, एक-दोन मिनिटं ओलं ठेवायचं, ओतून टाकायचं. फेस आत राहिला तर राहू द्यावा; तेवढ्याशा आम्लाने बिअरचं काही बिघडत नाही. आधीचा सोडा मात्र खळखळून धुतलेला हवा, नाहीतर आम्ल आणि सोडा एकमेकांनाच संपवतात आणि जंतू मजेत राहतात.

'निर्जंतुक' हा शब्दही इथे जरा सैलच वापरलाय. अन्नाशी संबंध येणाऱ्या पृष्ठभागांसाठी अमेरिकेतली कसोटी 30 सेकंदांत 99.999 टक्के जंतू मारण्याची आहे. दहा लाखांतले दहा उरतात. मग भरपूर यीस्ट टाकून त्या दहांना खायलाच काही शिल्लक ठेवायचं नाही, असा हिशेब असतो.

क्लोरीनच्या ब्लीचच्या वाटेला मी जात नाही. स्वस्त आहे, जंतूही मरतात, पण किंचित मागे राहिलं तरी बिअरमधल्या फिनॉलांशी जुळून क्लोरोफिनॉल तयार होतात आणि ग्लासातून दवाखान्याचा वास येतो. डेटॉलमधलं औषध याच कुळातलं. शिवाय ब्लीच आणि आम्ल चुकून एकत्र आलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो, आणि या कामात आम्ल जवळच ठेवलेलं असतं.

सोडा धुऊन झाला की, जंतुनाशकाच्या आधी, मी कारबॉय पालथा घालतो आणि खिडकीच्या उजेडात धरून बघतो. स्वच्छ काचेवरून पाणी सलग पडद्यासारखं उतरतं. तेलकटपणा किंवा राळ उरली असेल तिथे पडदा फाटतो, पाण्याचे मणी होतात. काल गळ्याच्या आत, अगदी वळणावर, चार मणी दिसले. पुन्हा कोमट पाणी लावलंय.