शॉकअप ‘कडक’ करतो म्हणजे नेमके काय करतो?

मागे जड माणूस बसणार असला की आपण मेकॅनिकला सांगतो, “शॉकअप जरा कडक कर.” तो वाकडा पाना घेतो, स्प्रिंगखालचे कडे दोन खाचा पुढे सरकवतो आणि गाडी कडक झाली असे समजून आपण निघतो. प्रत्यक्षात स्प्रिंग आधी होती तेवढीच मऊ असते. बदललेली असते ती गाडीची उंची. माझे वजन ९५ किलो आहे आणि डबलसीट प्रवास नेहमीचा, तरी हा फरक कळायला मला कैक वर्षे लागली. तोवर प्रत्येक मोठ्या खड्ड्यात शॉकअप तळाला आपटायचा आणि मी दोष रस्त्याला द्यायचो. ‘कडक’ हा शब्द इतका फसवा का झाला, याचे उत्तर मागच्या सस्पेन्शनच्या इतिहासात आहे.

सुरुवातीच्या मोटरसायकली म्हणजे सायकलच्या सांगाड्यात बसवलेले इंजिन. मागच्या चाकाचा आस थेट फ्रेमला आवळलेला असे. दणके सोसायचे काम टायरमधली हवा आणि सीटखालच्या जाड स्प्रिंगा करत. पाठ मोडायची हे खरे, पण त्या रचनेत एक सोय होती: चालवणाऱ्याचा भार त्याच्या सीटच्या स्प्रिंगांवर आणि मागच्याचा त्याच्या वेगळ्या सीटवर. स्प्रिंग सीटखालून चाकापाशी गेली तेव्हाच गाडी, दोन माणसे आणि सामान असा सगळा भार एकाच जागी आला. वजनाप्रमाणे सस्पेन्शन जुळवण्याचा प्रश्न तिथून सुरू होतो.

अमेरिकेतल्या ‘इंडियन’ कंपनीने १९१३ साली मागच्या चाकाला पानपट्ट्यांच्या स्प्रिंगा दिल्या. फिलिप व्हिन्सेंट यांनी १९२८ साली इंग्लंडमध्ये आपल्या रचनेचे पेटंट घेतले. त्यात मागची त्रिकोणी चौकट खाली बिजागरीवर फिरायची आणि स्प्रिंगा सीटखाली असायच्या. त्याच वर्षी इटलीच्या मोटो गुझ्झीने स्प्रिंगवाल्या मागच्या चाकाची प्रवासी गाडी आणली. तरीही बरीच वर्षे रायडर मंडळी याकडे संशयाने बघत. मागचे चाक हलते म्हणजे गाडी वळणावर डुलणार, असे त्यांचे म्हणणे. ते अगदी चुकीचेही नव्हते. सांध्यांमध्ये ढिलाई असे, आणि उसळी आवरणारे डॅम्पिंग एकतर नसे किंवा घर्षणाच्या चकत्यांवर भागवलेले असे.

मधल्या काळात प्लंजर आले. चाकाच्या आसाच्या दोन्ही टोकांना उभ्या नळ्या आणि त्यात वर-खाली सरकणाऱ्या स्प्रिंगा. बीएमडब्ल्यूने १९३८ साली आर ५१ आणि तिच्या भावंडांना हीच रचना दिली. ट्रायम्फने तर दुसऱ्या महायुद्धानंतर स्प्रिंगा थेट चाकाच्या हबमध्येच कोंबल्या. त्या इतक्या दाबून भरलेल्या असत की हब नीट माहिती नसताना उघडणे धोक्याचे होते. या दोन्ही प्रकारांत चाकाची हालचाल जेमतेम दोन इंच आणि वजनाप्रमाणे बदल करायची सोय जवळपास शून्य. एकटे बसा की दोघे, मिळेल ते सोसा.

खरी वाट सापडली ती स्विंगआर्मने, म्हणजे मागचे चाक दोन्ही बाजूंनी धरून पुढच्या टोकावर वर-खाली फिरणाऱ्या दांड्याने. मेकॅनिक त्याला चिमटा म्हणतात. इंग्लंडच्या व्हेलोसेट कंपनीने १९३६ साली शर्यतीच्या गाडीला चिमटा आणि हवा-तेलावर चालणारे शॉकअप लावले. रॉयल एनफिल्ड बुलेट १९४८ साली खडबडीत ट्रायल स्पर्धांत चिमटा घेऊन उतरली आणि पुढच्या वर्षी तशीच विक्रीला आली. १९५० साली मॅककँडलेस बंधूंच्या ‘फेदरबेड’ फ्रेमने नॉर्टनला आइल ऑफ मॅनची सीनियर शर्यत जिंकून दिली, आणि मागे स्प्रिंग असली की गाडी डुलते हा वाद तिथेच मिटला.

वजनाच्या प्रश्नाचे माझ्या मते सर्वांत शहाणे उत्तर मात्र याच काळात एका साध्या, शांत गाडीत आले आणि फार थोड्यांना ते आठवते. १९४८ साली व्हेलोसेटने एलई नावाची १४९ सीसीची, पाण्याने थंड होणारी गाडी दाखवली. तिच्या शॉकअपचे वरचे टोक एका जागी पक्के नव्हते. तिथे कमानीसारखी वाकलेली लांब खाच होती. दोन्ही बाजूंच्या पकडी सैल करायच्या, शॉकअपचे डोके खाचेत पुढे किंवा मागे सरकवायचे, दोन्हीकडे सारखे आहे ना ते बघून आवळायचे, काम झाले. शॉकअप उभा केला की चाक उचलले जाताना स्प्रिंग जास्त दाबली जाते, म्हणून चाकापाशी ती जास्त कडक लागते. आडवा केला की तीच स्प्रिंग मऊ. खाचेची कमान शॉकअपच्या खालच्या टोकाभोवती काढलेली, त्यामुळे डोके कुठेही नेले तरी मागची उंची जागची हलत नाही. ही कल्पना ऑस्ट्रेलियन अभियंते फिल आयर्विंग यांची. पुढे व्हेलोसेटच्याच व्हेनम आणि व्हायपर या गाड्यांनाही ती मिळाली आणि १९७१ साली कंपनी बंद होईपर्यंत टिकली. इथे ‘कडक करणे’ या शब्दाचा अर्थ शब्दशः खरा होता.

बाजार मात्र दुसऱ्याच उपायाने जिंकला. १९५० च्या दशकात गर्लिंगसारख्या कंपन्यांचे तयार शॉकअप सगळीकडे बसू लागले. त्यांच्या स्प्रिंगखाली पायऱ्या कापलेले कडे असे. पाना अडकवून ते फिरवले की कडे ‘टक्’ करून वरच्या पायरीवर चढते आणि स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते. हेच प्रीलोड. सुरुवातीला तीन पायऱ्या, पुढे बऱ्याच गाड्यांवर पाच. बनवायला स्वस्त, फ्रेममध्ये खाच कापायची गरज नाही, पानाही गाडीबरोबर मिळायचा. आजही लाखो गाड्यांवर हीच रचना आहे.

तिची मर्यादा एका साध्या हिशेबात दिसते. समजा दोन्ही स्प्रिंगा मिळून मागच्या चाकापाशी दर अडीच किलोला १ मिलिमीटर बसतात. मागे बसणारा जवळजवळ मागच्या आसाच्या वरच बसतो, त्यामुळे ६० किलोच्या माणसाचे ५० किलो तरी मागच्या चाकावर येतात. गाडी २० मिलिमीटर खाली जाते. कड्याची सगळी चढण मात्र जेमतेम एक-दीड सेंटिमीटर. म्हणजे पहिल्या पायरीवरून शेवटच्या पायरीवर गेलात तरी गेलेली उंची पूर्ण परत येत नाही. चालवणाराही जड असेल तर कडे तो एकटा असतानाच वर चढलेले असते. डबलसीटसाठी पायरीच उरत नाही. आणि स्प्रिंगचा कडकपणा तर कुठल्याच पायरीवर बदलत नाही: पुढच्या प्रत्येक अडीच किलोला ती १ मिलिमीटरच दबणार.

उंची परत मिळवणेही क्षुल्लक नाही, हे सांगायला हवे. मागची बाजू बसली की पुढचा फोर्क मागे कलतो, वळताना हँडल जड लागते, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि खड्ड्यासाठी राखून ठेवलेली हालचाल आधीच खर्च होते. त्यामुळे प्रीलोड वाढवावा, जरूर वाढवावा. पण त्यामुळे गाडीची वजन वाहायची मर्यादा वाढत नाही. ती टायर, ब्रेक आणि फ्रेम ठरवतात.

पुढची पावले दोन वेगळ्या दिशांनी पडली. लांब प्रवासाच्या जड गाड्यांनी हवेचा आधार घेतला. १९८० च्या होंडा गोल्डविंग जीएल ११०० ला हवेचे सस्पेन्शन होते. सामान आणि सोबती वाढले की पंपाने दाब वाढवायचा. पुढे कॉम्प्रेसर गाडीतच आला. हवा दाबली की उंचीबरोबर कडकपणाही वाढतो, म्हणजे आयर्विंग यांच्या कल्पनेचा अर्धा भाग वेगळ्या वाटेने परत आला.

दुसरी दिशा मोटोक्रॉसची, म्हणजे मातीच्या खडबडीत वाटेवरच्या शर्यतींची. बेल्जियमचे अभियंते ल्युसियें तिल्केन्स यांची एकाच शॉकअपची रचना यामाहाने घेतली आणि १९७३ साली हाकान अँडरसन तिच्या जोरावर २५० सीसीचा जगज्जेता झाला. उड्या मारणाऱ्या गाड्यांमध्ये चाकाची हालचाल झपाट्याने वाढली, आणि त्याबरोबर एक शिस्त आली: चालवणाऱ्याचे वजन बघून स्प्रिंगच बदलायची. स्वीडनमध्ये १९७६ साली सुरू झालेल्या ओलिन्ससारख्या कंपन्यांनी वेगवेगळ्या कडकपणाच्या स्प्रिंगा आकडे छापून विकल्या आणि ही शिस्त रस्त्यावरच्या हौशी रायडरपर्यंत पोहोचवली. त्याबरोबर रिबाउंडचा, म्हणजे दबलेल्या स्प्रिंगची परतीची उसळी आवरण्याचा, स्क्रूही आला. स्प्रिंग कडक झाली की उसळीही जोरात येते. ती आवरायला डॅम्पिंग वाढवावे लागते, नाहीतर मागे बसलेला प्रत्येक गतिरोधकावर सीटवरून उचलला जातो.

एकच शॉकअप सीटखाली गेल्यावर पाना घालायला जागा राहिली नाही. मग नळीने जोडलेले हाताचे नॉब आले आणि नंतर मोटर. २००४ साली बीएमडब्ल्यूने के १२०० एस गाडीवर बटण दिले: पडद्यावर एक हेल्मेट, हेल्मेट आणि सामान, किंवा दोन हेल्मेट. तेव्हाही बटणाने वजनासाठी बदलायचा तो प्रीलोडच. चाकापाशी जाणवणारा कडकपणा बटणाने बदलता येईल अशी रचना त्याच कंपनीने २००८ मध्ये के १३०० मालिकेबरोबर आणली, व्हेलोसेटच्या खाचेनंतर बरोबर ६० वर्षांनी. २०२१ च्या हार्ले-डेव्हिडसन पॅन अमेरिकाच्या स्पेशल मॉडेलमध्ये तर गाडी स्वतःच भार ओळखून मागची उंची जुळवते.

ज्यांच्या गाडीला कडे आणि पाना एवढेच आहे, त्यांच्यासाठी मोटोक्रॉसवाल्यांची मोजणी पुरते. मागचे चाक अधांतरी धरून आसापासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत टेप लावायचा. मग गाडी स्वतःच्या वजनावर उभी करून, आणि शेवटी नेहमीच्या कपड्यांत, नेहमीच्या सोबत्यासह बसून. पहिल्या मापापेक्षा पुढचे माप जितके कमी, तितकी गाडी बसली; हीच तिची बसण. रस्त्याच्या गाडीत माणसांसह सगळी बसण साधारण ३० ते ४० मिलिमीटर हवी, आणि रिकामी गाडीही ५ ते १५ मिलिमीटर बसायला हवी. माझ्या गाडीवर माणसांसहचा आकडा जमला तेव्हा कडे शेवटच्या पायरीवर होते आणि रिकामी गाडी तसूभरही बसत नव्हती. स्प्रिंग आमच्या वजनाला मऊ होती. मी एका आकड्याने कडक स्प्रिंग घातली, रिबाउंड थोडा वाढवला, आणि कडे तीन पायऱ्या खाली आले.