बिल्टीपासून बिल्ड रिपोर्टपर्यंत : मॉडेल रेल्वेच्या सेशन-नियोजनाची पार्श्वभूमी

मनमाड ते सिकंदराबाद हा निजामाच्या काळातला मीटरगेज मार्ग १८९९ ते १९०१ या वर्षांत टप्प्याटप्प्याने सुरू झाला. औरंगाबाद, जालना, परभणी, पूर्णा, नांदेड ही सगळी त्याच एकेरी मार्गावरची स्थानके. मनमाडला गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, बदलायचे. त्यामुळे मराठवाड्याची वाघीण, म्हणजे मालडबा, तिथेच अडायची आणि माल तेवढा पुढे जायचा: कापसाच्या गाठी मीटरगेजच्या वाघिणीतून उतरवायच्या आणि शेजारच्या ब्रॉडगेजच्या वाघिणीत भरायच्या. या मार्गाचे मॉडेल करून त्यावर संगणकाच्या मदतीने सेशन आखायचे असेल, तर सुरुवात इथूनच करावी लागते. कारण आज मिळणारी बहुतेक सॉफ्टवेअरे एकेका वाघिणीचा हिशेब ठेवतात, आणि हिशेबाची ही रीत अमेरिकेतली आहे.

ऑपरेटिंग सेशन म्हणजे लेआउटवर, म्हणजे मॉडेलच्या रूळमांडणीवर, गाडी नुसती गोल फिरवणे नव्हे. चारपाच जण दोनतीन तास खऱ्या सेक्शनसारखे काम करतात. कोणी कंट्रोलर, कोणी यार्ड सांभाळतो, कोणी मालगाडी घेऊन निघतो आणि वाटेतल्या साइडिंगवर, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या बाजूच्या रुळावर, वाघिणी सोडत-उचलत जातो. ही कल्पना रुजवण्यात अमेरिकन मॉडेलकार फ्रँक एलिसन यांचा वाटा मोठा. रंगमंच, नट आणि नाटक या भाषेत त्यांनी १९४०च्या दशकात लेआउटचा विचार मांडला. कुठली वाघीण कुठे न्यायची, हे मात्र त्यानंतरही बराच काळ अंदाजपंचेच चाले.

त्यावर खरा तोडगा निघाला १९६१ साली. डग स्मिथ यांनी प्रत्येक वाघिणीला एक कार्ड आणि प्रत्येक खेपेला एक बिल्टी अशी पद्धत प्रसिद्ध केली. कार्डाला खिसा, खिशात बिल्टी. कार्ड गाडीबरोबर फिरते आणि वाघीण सोडली की त्या स्थानकाच्या पेटीत पडते. पुढे एकाच बिल्टीच्या चार बाजूंवर चार मुक्काम लिहायची रीत आली. सेशन संपले की बिल्टी फिरवायची. पद्धत साधी, पण तिच्यात दोन उणिवा होत्या. चार फेऱ्यांनंतर तीच वाघीण त्याच जागी परत येते, हे चालवणाऱ्यांना पाठ होऊन जाते. आणि शंभर वाघिणींच्या बिल्ट्या फिरवताना दहा राहिल्या, तर पुढच्या वेळी यार्डात त्या वाघिणी नुसत्या साचत जातात.

घरगुती संगणक आल्यावर हौशी मंडळींनी हीच कार्डे प्रोग्रॅममध्ये उतरवली. शिप इट, रेलऑप, प्रोट्रॅक ही नावे त्या वाटेवरची. आज सर्वाधिक सहज हाती येते ते जेएमआरआय: जावामध्ये लिहिलेले, मुक्त परवान्याचे, फुकट. बॉब जेकबसन यांनी ते सुरू केले. सेशनचे नियोजन त्यातला ऑपरेशन्स हा भाग करतो. या प्रकल्पाने कायद्याच्या इतिहासातही जागा मिळवली, याचा छंद जोपासणाऱ्यांना अभिमान वाटावा. जेकबसन विरुद्ध कॅट्झर या खटल्यात अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने २००८ मध्ये असा निर्णय दिला, की मुक्त परवान्यातल्या अटी मोडणे हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. मॉडेल रेल्वेच्या एका सॉफ्टवेअरमुळे साऱ्या मुक्त सॉफ्टवेअरला कायद्याचा आधार मिळाला.

आता मराठवाड्याकडे. १९८०च्या दशकापासून भारतीय रेल्वेने सुट्या वाघिणींची वाहतूक मागे टाकून पूर्ण रेकवर, म्हणजे एकाच मालाच्या अख्ख्या गाडीवर, भर दिला. आजची मालगाडी एका जागी भरते आणि एकाच जागी रिकामी होते. वाटेत वाघीण सोडणे नाही, उचलणे नाही. अशा गाडीसाठी सॉफ्टवेअरला ठरवण्यासारखे फारसे उरत नाही. शिवाय ६८६ मीटरची प्रमाण लूप, म्हणजे गाड्यांनी एकमेकींना वाट देण्याचा बाजूचा रूळ, एचओ या मापात, म्हणजे १:८७ मध्ये, जवळपास ७.९ मीटर होते. घरातल्या खोलीत ती मावणारच नाही. म्हणून मराठवाड्याच्या लेआउटला रुंदीकरणाच्या आधीचा मीटरगेज काळच निवडावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. मनमाडकडून ब्रॉडगेज १९९०च्या दशकात आला, तेव्हा त्याआधीचे कोणतेही दशक चालेल. मापही छान जुळते: १००० मि.मी. भागिले ८७ म्हणजे ११.५, आणि एचओएमचा, म्हणजे एचओ मापातल्या मीटरगेजचा, रूळ १२ मि.मी.चा. ब्रॉडगेजचे तसे नाही. १६७६ मि.मी.ला १९.३ मि.मी. हवेत आणि एचओचा रूळ १६.५ मि.मी. (लातूरपर्यंत गेलेल्या बार्शी लाइट रेल्वेचा ७६२ मि.मी. गेज ९ मि.मी.च्या रुळावर जवळपास अचूक बसतो.)

सॉफ्टवेअरमध्ये माहिती भरताना पहिली गफलत होते ती लांबीची. १२० सेंमी लांबीची साइडिंग म्हणजे प्रत्यक्षातले सुमारे ३४२ फूट. वाघीण ३३ फुटांची धरली तर दहा बसायला हव्यात. पण जेएमआरआय प्रत्येक वाघिणीमागे कपलरचे, म्हणजे वाघिणी जोडणाऱ्या आकड्यांचे, चार फूट स्वतः मिळवते, म्हणून नऊच बसतात. आपल्याकडच्या वाघिणींच्या आराखड्यात लांबी बहुधा कपलरसकट दिलेली असते. तीच भरली तर कपलर दोनदा मोजले जातात आणि साइडिंग रिकामी दिसत असतानाही प्रोग्रॅम जागा नाही म्हणतो. आधी चार फूट वजा करावेत, मग भरावे.

दुसरी गफलत दिशेची. प्रत्येक स्थानकाला आणि प्रत्येक रुळाला गाडीच्या दिशेची खूण करावी लागते. मनमाडहून जालन्याकडे जाणारी गाडी रूटमध्ये पूर्वेची असेल आणि जिनिंगच्या साइडिंगवर पूर्वेची खूण नसेल, तर त्या गाडीला तिथली एकही वाघीण मिळणार नाही. ही अट उपयोगाचीही आहे. साइडिंगचे तोंड ज्या दिशेच्या गाडीला सोयीचे, तेवढीच खूण ठेवली की इंजिन अडकून पडत नाही.

वाघिणींचे मूळ प्रकार अमेरिकन आहेत. ते बदलून बंद, उघडी, टाकी असे ठेवावेत आणि ब्रेकव्हॅनला कबूसची (गार्डच्या डब्याचे अमेरिकन नाव) खूण करावी. नवा प्रकार तयार केल्यावर तो प्रत्येक रुळावर आणि प्रत्येक गाडीवर चालतो ना, हे तपासावे. हे राहिले की बिल्ड, म्हणजे प्रोग्रॅमने गाडीची यादी तयार करणे, अपयशी ठरते. बिल्ड रिपोर्ट सविस्तर ठेवला तर कोणती वाघीण कोणत्या कारणाने नाकारली ते ओळीओळीने दिसते. तो वाचण्याचा कंटाळा करू नये.

मनमाडची मांडणी मात्र नीट विचार करून करावी. सहज सुचते ते मनमाडला स्टेजिंग करणे, म्हणजे लेआउटबाहेरच्या जगाचा छुपा यार्ड. पण स्टेजिंगच्या रुळावरून निघणारी गाडी तिथली प्रत्येक वाघीण घेऊनच निघते, आणि स्टेजिंग असलेल्या स्थानकात साइडिंग ठेवता येत नाही. माल बदलण्याचा धक्का तर साइडिंगच असावा लागतो, कारण माल बदलण्याचे वेळापत्रक फक्त साइडिंगलाच जोडता येते. म्हणून मनमाड हे साधे स्थानक ठेवावे आणि स्टेजिंग पूर्णेच्या पुढे, सिकंदराबादच्या बाजूला टाकावे. धक्क्याच्या वेळापत्रकात बंद वाघिणीसाठी कापूस उतरला की खत भरा, सरकी उतरली की मीठ भरा, अशा ओळी लिहाव्यात. गेज बदलण्याच्या जागेचे सगळे नाट्य या चारपाच ओळींत उभे राहते. इंजिनांसाठी येणारा कोळसा एकत्र हलवायचा असेल तर त्या वाघिणींचा एक कर्नेल (kernel), म्हणजे न सुटणारा गट, बांधावा.

गाड्यांचे वेळापत्रक प्रोग्रॅमबाहेर, आलेखावर आखलेले बरे. सेक्शन कंट्रोलरच्या चार्टसारखे: एका बाजूला वेळ, दुसऱ्या बाजूला स्थानके, तिरक्या रेघा म्हणजे गाड्या; दोन रेघा जिथे छेदतात तिथे लूप हवीच. पंधरा मीटरची मुख्य लाइन म्हणजे प्रत्यक्षात फक्त १.३ किमी. अंतर इतके आक्रसलेले असते म्हणून घड्याळ चौपट वेगाने पळवतात. मात्र शंटिंगला लागणारा वेळ आक्रसत नाही. दहा मिनिटांचे शंटिंग त्या घड्याळावर चाळीस मिनिटे खाते. चार्टात तेवढा थांबा ठेवला नाही, तर दुसऱ्या क्रॉसिंगपासूनच सगळ्या गाड्या उशिरा धावू लागतात. अमेरिकन पद्धतीच्या ट्रेन ऑर्डरऐवजी (गाडीला दिलेल्या लेखी हुकमाऐवजी) इथे टोकन वापरावे: दोन स्थानकांमधल्या प्रत्येक ब्लॉकला एकच चेंडू, आणि तो हातात असल्याशिवाय ड्रायव्हरने निघायचे नाही.

सेशन अर्धवट थांबले की सॉफ्टवेअर आणि लेआउट यांची फारकत होते. प्रोग्रॅममध्ये गाडी शेवटपर्यंत हलवून संपवली आणि खरी गाडी सेलूलाच उभी राहिली, तर पुढच्या सेशनची प्रत्येक यादी चुकणार. म्हणून गाडी प्रोग्रॅममध्येही स्थानकागणिक पुढे सरकवावी. रात्री एकाने छापील यादी घेऊन लेआउटभर फिरावे, प्रत्येक रुळावरच्या वाघिणींचे क्रमांक ताडून पाहावेत, फरक तिथल्या तिथे दुरुस्त करावा आणि मगच फाइलींची प्रत काढावी. साठ वाघिणींना अर्धा तास पुरतो.